रुखवतातला निळा ड्रम

देवासात दत्ताजी इंगळ्यांचं घर विचारलंत तर माणसं डोकं खाजवतील. 'ड्रमवाले मामा' म्हणालात तर पानवाला ठेला सोडून तुम्हाला दारापर्यंत आणून पोचवेल. सदुसष्ट वर्षांचा माणूस. पणजोबा देवास संस्थानच्या थोरल्या पातीच्या पागेवर हुद्देदार, आजोबा खासगीकडे कारकून, आणि नातवाची कीर्ती काय, तर प्लास्टिकचे ड्रम! पण दत्ताजींना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट त्या नावानं कुणी हाक मारली की त्यांची छाती दोन बोटं फुगायची.

त्याला कारणही तसंच होतं. ज्या गावानं एके काळी रेल्वेनं आलेलं पाणी रांगा लावून भरलं, त्या गावात पाणी साठवायच्या भांड्याला मान मिळणारच. नळ येणार दोन-तीन दिवसांआड, तोही पाऊण तास, आणि तेवढ्यात सहा माणसांचं पिणं, रांधणं, धुणं सगळं भरून घ्यायचं. तांब्याचे हंडे घासता घासता सुना म्हाताऱ्या व्हायच्या. दोनशे लिटरचा निळा ड्रम मोरीजवळ उभा राहिला की घरातली बाई निम्मी मोकळी झाली म्हणून समजा. आणि दत्ताजींनी एकतीस वर्षं जिथे नोकरी केली त्या कंपनीत अशा ड्रमांचा ढीगच पडलेला असे. ती कंपनी प्लास्टिक नरम करायचं तेल बनवायची. पावसाळी चपला, विजेच्या वायरीवरचं आवरण, खेळण्यातल्या बाहुलीचे गाल, जिथे म्हणून प्लास्टिक वाकायला हवं तिथे हे तेल लागतं. दत्ताजी तिथे स्टोअरकीपर होते. रिकामे ड्रम भंगारात जायचे. त्यांतला वर्षाकाठी एखादा साहेबांच्या कानावर घालून बाजूला काढला तर कोण काय बोलणार?

तीन सख्ख्या बहिणी आणि दोन चुलत, मिळून त्यांना चौदा भाच्या होत्या. स्वतःला मूल नव्हतं, त्यामुळे सगळा जीव या पोरींत. भाचीला हाताला धरून मांडवात आणायची ती मामानं. हा मान दत्ताजींनी चौदा वेळा घेतला आणि चौदाही रुखवतांत एकेक ड्रम उभा केला. लोकांच्या रुखवतात लोकरीचे ससे आणि साखरेची तुळशीवृंदावनं, यांच्या रुखवतात मधोमध हळदकुंकवाची बोटं ओढलेला निळा ड्रम! वरपक्षाच्या बायका आधी तोंडाला पदर लावून हसायच्या आणि निघताना हळूच विचारायच्या, "मामासाहेब, आमच्या धाकटीच्या लग्नात एखादा मिळेल का हो?"

ड्रम तयार करायचा म्हणजे आठ दिवसांचं काम. वरचं तोंड करवतीनं कापायचं, कड कानशीनं घासायची, खाली पितळी तोटी बसवायची. मग धुणं. सोडा, चिंच, राख, आणि शेवटी चुलीवरचं उकळतं पाणी. पहिल्या पाण्यावर रंगीत तवंग यायचा. सातव्या पाण्याला तो दिसेनासा झाला की दत्ताजी कमरेवर हात ठेवून म्हणायचे, "झाला सोवळा!" तेलाला वास नव्हता, रंग नव्हता, चव कुणी पाहिली नव्हती. ज्याला वास नाही ते विष कसं असेल, असा त्यांचा साधा हिशेब होता. मग तीन दिवस ऊन द्यायचं आणि लाल ऑइलपेंटनं वळणदार अक्षरांत भाचीचं नाव घालायचं.

त्याआधी एक काम असे. जुन्या ड्रमांवर नुसता नंबर असायचा, पण पुढे माल परदेशी जायला लागला तसा प्रत्येक ड्रमच्या पोटावर इंग्रजीत छापलेला कागद आला. त्यावर लाल चौकट, चौकटीत माणसाची काळी आकृती आणि तिच्या छातीवर फुटलेली पांढरी चांदणी. खाली दोन ओळी. दत्ताजी बी.कॉम. होते, रोज तोच कागद पाहून माल मोजत होते, त्यांना त्या ओळी वाचता येत होत्या. लग्नघरात असलं अभद्र काही नको म्हणून ते कागद भिजवायचे आणि खुरप्यानं खरवडून काढायचे.

आता उमाबाईंबद्दल सांगायला हवं, कारण तिच्याबद्दल कुणी कधी काही सांगत नाही. दत्ताजींची बायको लग्न होऊन आली ती त्यांच्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी. चार वर्षं झाली, सहा झाली, कूस उजवेना. मग नवस सुरू झाले. माताजीच्या टेकडीवर तिनं अकरा मंगळवार अनवाणी चढून काढले. सोळा सोमवार झाले, इंदूरच्या दोन डॉक्टरणी झाल्या. दुसरीनं सगळे रिपोर्ट पाहून सांगितलं, "इनमें तो कोई कमी नहीं है. अब आप भी जाँच करा लीजिए." दत्ताजी खुर्चीवरून उठलेच. इंगळ्यांच्या घराण्यात असलं काही नसतं, म्हणाले. त्या दिवसापासून दोष उमाबाईंच्या नावावर गेला तो गेलाच. डोहाळजेवणात तिला ओटी भरायला कुणी बोलवेना. बारशाला गेली तर तान्हं पोर कुणी तिच्या मांडीवर देईना. दत्ताजी वाईट माणूस नव्हते, तिला कधी टाकून बोलले नाहीत. ते फक्त गप्प राहिले, आणि त्या गप्प राहण्याची किंमत तिनं मोजली.

कंपनीच्या मागे ओढा होता. त्याच्या काठी बापू गवळ्याच्या सात म्हशी चरायच्या आणि त्याच ओढ्याचं पाणी प्यायच्या. दोन वर्षं एकही गाभण राहिना. दर खेपेला उलटायच्या, पुन्हा माजावर यायच्या. बापू गेटवर येऊन बोंबलला, "भिया, तुम्हारे पानी ने मेरी भैंसां खराब कर दी!" मॅनेजर म्हणाले, इसको कुछ देके रवाना करो. दत्ताजींनी त्याला दोन ड्रम दिले. बापू खूश होऊन गेला. डबा खाताना कुणी तरी त्यावर एक घाणेरडा विनोद केला, सगळे हसले, दत्ताजीही हसले, आणि घरी येऊन त्यांनी तो किस्सा उमाबाईंना सांगितला. उमाबाई हसल्या नाहीत. त्यांनी ताट वाढलं आणि आत गेल्या.

या सगळ्याला वर्षं लोटली. कंपनी बंद पडली, शेडवर दुसऱ्याचा बोर्ड लागला, दत्ताजी निवृत्त होऊनही नऊ वर्षं झाली. यंदाच्या फेब्रुवारीत एका सकाळी धारहून नेहाचा फोन आला. नेहा त्यांच्या मधल्या बहिणीची मुलगी. बहीण वारल्यावर मामाचंच घर तिचं माहेर झालं होतं.

"मामा, तुमी इंदूरला येऊ शकाल का? ईशानीला दाखवायचं आहे. यांची शिफ्ट आहे, आणि सासूबाई यायला नाही म्हणतात."

ईशानी नेहाची मुलगी. सात वर्षं आणि पाच महिन्यांची. वर्गात सगळ्यांत उंच, म्हणून तिला परेडमध्ये झेंडा मिळाला होता, आणि ते ती भेटेल त्याला सांगत असे. दोन-तीन महिने तिची छाती दुखत होती. परवा शाळेतून आली ती पोट धरून. नेहानं पाहिलं तर जे बाराव्या-तेराव्या वर्षी यायचं ते आलं होतं. पोरीला वाटलं आपल्याला कुठे तरी लागलंय. ती रडत विचारत होती, "मम्मी, मैं गिरी तो नहीं थी?"

दत्ताजी हातची कामं टाकून इंदूरला गेले. डॉक्टरीणबाई तरुण होती, शांत बोलणारी. तिनं ईशानीच्या डाव्या हाताचा एक्स-रे दिव्यावर धरला आणि सांगितलं की मुलगी सात वर्षांची असली तरी हाडं दहा वर्षांची झाली आहेत. आता भराभर वाढेल आणि लवकर थांबेल. आज वर्गात सगळ्यांत उंच आहे, मोठी झाल्यावर सगळ्यांत ठेंगणी राहील. थांबवायचं तर दर महिन्याला इंजेक्शन, तीन-चार वर्षं. मेंदूचा फोटोही काढायला लागेल, तिथे काही नसलं तर बरंच. मग तिनं कागद पुढे ओढला आणि एकेक विचारायला लागली. घरात कुणाला असं लवकर झालं होतं का? मुलीला कुठली क्रीम लावता? प्लास्टिकच्या डब्यात गरम खाणं देता? घरामागे कारखाना, शेतावरची फवारणी?

"पानी किसमें भरते हैं?"

"ड्रम आहे. माझ्या मामांनी दिलेला," नेहा म्हणाली, आणि तशाही अवस्थेत तिच्या आवाजात थोडा अभिमान आला. "लग्नातला आहे."

"नया था? या फैक्टरी का?"

"कंपनीचा."

"उसमें पहले क्या था?"

नेहाला ते माहीत नव्हतं. तिनं मामांकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनीही पाहिलं, पेन कागदावर टेकवून. दत्ताजींच्या डोळ्यांपुढे तो इंग्रजी कागद आला, अक्षर न् अक्षर. ते विसरले होते असं नाही. माणूस काही गोष्टी विसरत नाही, नुसता त्यांच्याकडे पाठ करून बसतो.

"साबण का माल था," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी 'साबण' असं लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. जाताना तिनं एवढं सांगितलं की नेमकं कारण कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. कधी काहीच कारण सापडत नाही. पण असली काही रसायनं असतात, थेंबभर पोटात गेली तरी अंगातल्या घड्याळाचे काटे पुढे ढकलतात. आईच्या पोटात असल्यापासून. दत्ताजी दारापाशी उभे राहून ऐकत होते आणि ईशानी त्यांची बाही ओढत होती. "मामाआजोबा, मला ना हर महिन्याला सुई लागणार! तुमी पण येणार ना?"

घरी आल्यावर त्यांनी उमाबाईंना सगळं सांगितलं, तो प्रश्न सोडून. आठ दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. रोज ठरवायचे की आज फोन करू आणि रोज स्वतःला समजवायचे. डॉक्टरच म्हणाली ना, नक्की सांगता येत नाही? दहा वर्षं झाली त्या ड्रमला, सात पाण्यांनी धुतला होता, त्यात आता काय उरलं असेल? आणि सांगून काय होणार, पोरीची हाडं थोडीच मागे जाणार? एकदा तोंड उघडलं की चौदा माहेरवाशिणींची घरं बंद होतील, हे त्यांना दिसत होतं. म्हातारपणी त्यांच्याकडे दुसरं होतं काय? दिवाळीला चौदा फोन यायचे, राखीला चौदा पाकिटं यायची. त्यावर हा माणूस जगत होता.

नवव्या दिवशी उमाबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "नेहाशी बोलले मी. पोरगी फार रडत होती."

"ईशानी?"

"नेहा. तिची सासू तिला बोलतेय." उमाबाईंनी एक जुडी सोडवली. "नर्मदाबाई म्हणतात, लग्नात रुखवत नेहाच्या मामीनं मांडलं होतं. वांझ बाईचा हात लागला, म्हणून पोरीच्या कुशीला हे असं झालं. न्हाण यायचं तर साखर वाटायची, इथं तोंड लपवायची पाळी आली, म्हणतात."

हे सगळं त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. शेजारच्या बाईचं काही सांगावं तसं सांगितलं. तीस वर्षं ऐकून ऐकून त्या शब्दाला त्यांच्यापुरती धारच राहिली नव्हती. पण दत्ताजींच्या काळजात तो शब्द त्या दिवशी पहिल्यांदा घुसला. एकदा आपण गप्प बसलो आणि हिच्या माथी मारलं. आता पुन्हा गप्प बसलो तर पुन्हा हिच्याच माथी. त्यांना स्वतःची किळस आली.

"उद्या रविवार आहे," ते म्हणाले. "धारला जायचं. तूही चल."

धारला राजवर्धन, म्हणजे नेहाचा नवरा, घरीच होता. नर्मदाबाई पाटावर बसून वाती वळत होत्या. उमाबाईंना पाहून त्यांनी वातींचं तबक आपल्याकडे ओढून घेतलं. दत्ताजींनी ते पाहिलं. चहा आला, तो त्यांनी घेतला नाही.

"नेहा, डॉक्टरला मी खोटं सांगितलं. त्या ड्रमात साबणाचा माल नव्हता."

"मग?"

"आमच्या कंपनीचं तेल होतं. प्लास्टिकात घालायचं."

राजवर्धन समजुतीनं हसला. "मामा, दहा साल झाले त्याला. धुऊन धुऊन काही उरतं का? तुमी फालतू टेन्शन घेता." नर्मदाबाईही म्हणाल्या, "मामासाहेब, आमच्या घरातली गोष्ट. आपण उगाच अंगावर ओढून घेऊ नये." त्यांना ड्रमपेक्षा उमाबाईंचा हात जास्त पटत होता.

सुटका समोर उभी होती. नुसती मान डोलावली असती तरी दत्ताजी संध्याकाळच्या बसनं मानानं घरी गेले असते. पण नेहा हसली नव्हती.

"मामा, कंपनीच्या ड्रमावर काही तरी लिहिलेलं असतं ना?"

"होतं."

"काय होतं?"

दत्ताजींना ते मराठीत आणायला वेळ लागला. "की यानं मूल होण्याला धक्का पोचतो. आणि पोटातल्या बाळाला अपाय होऊ शकतो."

"तुमी वाचलं होतं?"

"वाचलं होतं."

"आणि?"

"लग्नात तसलं अभद्र कशाला, म्हणून खरवडून टाकलं." त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. "मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही, नेहा. मला वाटलं, कंपन्या लिहितातच काहीबाही. माझा माल माझ्या भाचीला कशाला बाधेल, असं मला वाटलं."

आत कुकरची शिटी झाली, दुसरी झाली, गॅस बंद करायला कुणी उठलं नाही. राजवर्धन पुन्हा म्हणाला की डॉक्टरच म्हणते नक्की सांगता येत नाही.

"ते मी पण ऐकलं," नेहा म्हणाली. "ड्रमानंच झालं की नाही ते देव जाणे. पण मामा, डॉक्टरनं विचारलं तेव्हा माझी मुलगी तुमचा हात धरून बसली होती, आणि तुमी साबण सांगितलं. घरी येऊन आठ दिवस मी तिला तेच पाणी पाजलं. ते आठ दिवस तर तुमच्या हातात होते ना?"

नेहा उठली आणि मोरीकडे गेली. ड्रम काठोकाठ भरलेला होता, सकाळीच नळ येऊन गेला होता. "उद्या नल नाही, परवाही नाही," राजवर्धन मागून म्हणाला, "निदान धुण्याला तरी—" नेहानं ऐकलं नाही. तिनं तोटी सोडली, आणि तेवढ्यानं भागेना म्हणून खांदा लावून ड्रम आडवा केला. दोनशे लिटर पाणी मोरीतून, ओसरीवरून, दारातून गल्लीत वाहायला लागलं. शेजारणी बाहेर आल्या. ईशानी गच्चीवरून ओरडली, "मम्मी, पानी क्यों फेंक रही हो?"

ओल्या साडीनं नेहा दारात आली. "मामा, तुमी आता जा," एवढंच म्हणाली. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, असं दत्ताजींना वाटलं. ईशानी धावत खाली आली होती, मोठ्यांच्या पाया पडायची तिला सवय लावलेली होती. ती वाकली तसं नेहानं तिला दंडाला धरून मागे घेतलं.

दत्ताजी चपला घालून बाहेर आले. उमाबाई दारापर्यंत आल्या आणि उंबऱ्याच्या आतच थांबल्या.

"चल," दत्ताजी म्हणाले.

"तुम्ही जा. पोरीला इंजेक्शनला न्यायला घरात कुणी तरी हवं. मी राहते इथं." त्यांनी आत पाहिलं, मग आवाज खाली आणून विचारलं, "तो कागद तुम्ही पहिल्यांदा वाचला तो कधी?"

"दोन हजार बारा-तेराला. त्याआधी तसलं काही लिहून येत नव्हतं."

"लिहून येत नव्हतं," उमाबाई म्हणाल्या. "बापूच्या म्हशी तर त्याच्याही आधीच्या. तेव्हाही तुम्हाला काही वाटलं नाही?"

दत्ताजींनी मान खाली घातली. एकतीस वर्षं त्या तेलात हात बुडवून ते घरी येत होते, त्याच हातांनी जेवत होते. आणि हिनं त्या तीस वर्षांत किती पायऱ्या चढल्या, किती उपास केले, किती घरांच्या दारातून परत आली. तपासणी केली असती तर एका दिवसाचं काम होतं. हे सगळं तिला कळलंय, आत्ता नाही, ती ओळ ऐकली तेव्हाच, हे त्यांना तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. उमाबाई रडल्या नाहीत. त्यांनी दार लोटून घेतलं. आतून नर्मदाबाईंचा काही तरी विचारणारा आवाज आला आणि मग उमाबाईंचा, आजवर दत्ताजींनी कधी ऐकला नव्हता इतका मोठा, "ते तबक इकडे द्या, वाती मी वळते!"

बसस्टँडवर दत्ताजी बाकावर बसून होते. देवासची बस आली आणि गेली. घरी जाऊन करायचं काय? धरमपुरीला एक भाची, बदनावरला एक, देवासातच चार, बाकीच्या कुठे कुठे. एकूण तेरा दारं. फोनवर सांगावं असं एकदा मनात आलं, तेही त्यांना आता लबाडीचं वाटलं. सगळ्यांत जवळचं घर सरदारपूरला होतं, स्वानंदीचं. ती सगळ्यांत धाकटी. निवृत्त होताना मागून घेतलेल्या ड्रमांतला शेवटचा तिला दिला होता, पाच वर्षांपूर्वी. तो सगळ्यांत नवा, त्यावरचा कागद निघता निघत नव्हता. दत्ताजी सरदारपूरच्या बसमध्ये चढले.

चार वाजता ते दारात उभे राहिले तेव्हा स्वानंदी एकटीच घरात होती. नवरा मंडीत मुनीम, अंधार पडल्याशिवाय येत नसे. मामांना पाहून तिनं अक्षरशः टाळी वाजवली.

"मामा! फोन नाही, काही नाही! मामी नाही आल्या?" मग एकदम लाजली. "म्हणजे आईनं सांगितलंच वाटतं तुम्हाला. मी शपथ घातली होती तिला, कुणाला बोलू नको म्हणून."

"काय सांगितलं?"

"जाऊ द्या ना मामा, तुमी पण!" ती हसत आत गेली. भरला चेहरा, सैल गाऊन, जरा मागे झुकून चालणं. दत्ताजींना विचारायची गरज राहिली नाही. तोटी सोडल्याचा आणि पाणी पडल्याचा आवाज आला. ती दोन पेले घेऊन बाहेर आली, एक त्यांच्यासाठी, एक स्वतःसाठी, आणि हुश्श करून समोर बसली.

"पाचवा चालू आहे. आधी दोनदा गेलं ना, म्हणून कुणाला सांगितलं नाही. पण हा राहिला, मामा! डॉक्टर म्हणते आता काही धोका नाही, फक्त पाणी भरपूर पी. दिवसभर पीतच असते मी."

तिनं पेला उचलला.

"स्वानंदी, तो पेला खाली ठेव," दत्ताजी म्हणाले. "खाली ठेव बेटा. मी सांगतो ते आधी ऐक. ऐकून मग मला घरातून जा म्हणालीस तरी चालेल."

ती पेला तसाच ओठांपाशी धरून हसत होती. मामांची काही तरी चेष्टा चाललीय असं तिला वाटलं.